रंगांची उतरंड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी ट्रंका उघडण्याचा एक सोहळा असतो. फराळाच्या मोठ्या परातींबरोबर गरम कपडेही उन्हात पडतात. कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लागले, की वर्षाची पहिली थंडी कळते. गेल्या वर्षी या उपद्व्यापात सर्वांत खालच्या ट्रंकेतून माझ्या लहानपणीचा एक स्वेटर निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास, एका कोपराला रफू, गळ्याचे एक बटण गेलेले. माझ्या नातीने तो उचलून खिडकीपाशी धरला आणि विचारले, "आजी, यातला हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो?"

मी चष्मा लावून पाहू लागले. घेराशी बाटलीचा गर्द हिरवा, त्याच्यावर पानाचा हिरवा, मग पोपटी, छातीशी लिंबाचा रंग आणि खांद्यावर हळद. एखाद्या देवघरात मडक्यांची उतरंड रचावी तसे रंग एकावर एक चढत गेले होते. पण दोन मडक्यांमधली फट काही सापडेना. साठ वर्षांहून अधिक काळ तो स्वेटर माझ्या मालकीचा होता, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता!

तो विणला माझ्या मावशीने. ती सव्विसाव्या वर्षी विधवा झाली आणि नाशिकला आमच्या घरी राहायला आली. घरात तिला कोणी उणे बोलत नसे, पण दोन घास आपल्या कष्टाचे असावेत असे तिला वाटे. म्हणून ती एका लोकरीच्या दुकानासाठी स्वेटर विणून देई. दुकानदार लोकर तोलून द्यायचा आणि तयार स्वेटर तोलून घ्यायचा. मजुरी मात्र सगळी रोख मिळत नसे. "बाई, या वेळी थोडी लोकरच घेऊन जा," असे म्हणून तो उरलेसुरले गुंडे तिच्या पिशवीत टाकी. कधी दोन तोळे हिरवा, कधी चार तोळे पिवळा. ज्या रंगाचा पुरा स्वेटर होणार नाही, असा. मावशी काही बोलत नसे. घरी येऊन एका चोपडीत नोंद करी आणि गुंडे एका डब्यात ठेवी. आम्हा भावंडांचे सगळे स्वेटर त्या डब्यातून निघाले.

आता त्या डब्यातल्या लोकरीचे साधे पट्टे करणे सोपे होते. पण मावशीला पट्टे आवडत नसत. ती म्हणायची, "रंग एकदम बदलला की डोळ्याला ठेच लागते. मध्ये पायरी केली की लागत नाही." ही पायरी ती दोन तऱ्हांनी करी. पहिली तऱ्हा अशी: दोन ओळी जुन्या रंगाच्या, दोन ओळी नव्या रंगाच्या, पुन्हा दोन जुन्या. दोनच ओळी का, तर सुईवर जाऊन परत आले की धागा मूळच्या कडेला येतो. एकच ओळ घातली तर धागा पलीकडच्या टोकाला अडकून बसतो. आधी जुन्याच्या सहा ओळींमागे नव्याच्या दोन, मग चाराला चार, मग दोनाला सहा, असे करत जुना रंग निरोप घेई.

दुसरी तऱ्हा अधिक गमतीची. बारीक लोकरीचे तीन पदर एकत्र धरून ती विणे. आधी तिन्ही पदर हिरवे. मग दोन हिरवे, एक पिवळा. मग एक हिरवा, दोन पिवळे. शेवटी तिन्ही पिवळे. म्हणजे रंग दोनच, पण छटा चार. चार पदर धरले तर पाच छटा होतात. गृहिणींनी हा हिशेब लक्षात ठेवावा: जितके पदर, त्याहून एक छटा जास्त. मावशीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. पण हे गणित तिच्या बोटांत होते.

तिचा एक प्रसंग मला चांगला आठवतो. 1962 सालचा हिवाळा. सरहद्दीवर चीनशी युद्ध पेटले होते आणि देशभर घराघरांतून बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आमच्या गल्लीतही खाकी लोकर आली. मावशीचा एक स्वेटर छातीपर्यंत झाला आणि लोकर संपली. नवी लोकर आली ती खाकीच, पण घाण्यातला फरक, जरा हिरवट. चार बोटे विणून झाल्यावर पाहते तो आडवी रेघ स्पष्ट दिसू लागली. मावशीने ते सगळे उसवले, जुन्या लोकरीचे थोडे खालपर्यंत उसवून घेतले आणि दोन-दोन ओळींची पायरी घातली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, जवान काय रंग बघणार आहे? त्याला ऊब हवी." मावशी म्हणाली, "ऊब मिळेलच हो. पण विणणारी मध्येच कंटाळली असं त्याला वाटायला नको."

पुढे मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या. मावशीची पायरी त्यात कुठे बसेल असे मनातही आले नाही. निवृत्तीनंतर मात्र वाचनाला वेळ मिळाला, आणि नातीच्या त्या प्रश्नानंतर मी लोकरीच्या मागे लागले. तेव्हा कळले, की मावशीच्या त्या ठेचेवर एका मोठ्या शास्त्रज्ञाने आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली होती.

त्याचे नाव मिशेल यूजेन शेव्हरल. जन्म 1786, मृत्यू 1889. म्हणजे शंभरी ओलांडून दोन वर्षे अधिक जगलेला माणूस. पॅरिसला गोब्लें नावाचा चित्रपडदे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तिथल्या रंगशाळेवर 1824 मध्ये या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. विणकरांच्या तक्रारी होत्याच. त्यातली एक अशी, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी दिलेला काळा रंग फिका पडतो. शेव्हरलने दुसऱ्या शहरांतली काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशेजारी ठेवली. रंग तंतोतंत तेवढाच काळा! दोष रंगाच्या हंड्यात नव्हता. तो शेजाराचा होता. निळ्याजवळ काळा ठेवला, की डोळा त्या काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढवतो आणि काळा विटका दिसतो.

या धाग्यावरून शेव्हरल पुढे गेला आणि 1839 मध्ये त्याचा रंगविरोधाच्या नियमावरचा ग्रंथ निघाला. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या सपाट पट्ट्या शेजारी-शेजारी मांडल्या, तर प्रत्येक पट्टी सपाट दिसत नाही. जिथे दोन पट्ट्या भिडतात तिथे फिकी अधिक फिकी आणि गडद अधिक गडद भासते. म्हणजे कड असते त्याहून तीव्र दिसते. त्या खाकी स्वेटरवरची रेघ उठून का दिसली, याचे उत्तर हे. दोन खाकींतला फरक लहानच होता. डोळ्याने तो कडेपाशी मोठा केला. आणि मावशीने काय केले? कडच ठेवली नाही. रंगांचे तुकडे इतके बारीक केले, की डोळ्याला ते वेगळे मोजता येईनात आणि त्याने दोन्हींची सरासरी पाहिली. मोठे रंग शेजारी आले की भांडतात. बारीक तुकड्यांनी आले की मिसळतात. पुढे फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याने शेव्हरलसारख्यांचे विचार वाचून ठिपक्या-ठिपक्यांची चित्रे काढली, ती याच तत्त्वावर.

हे आपल्याला परके मुळीच नाही. पैठणीतला धूपछाव पाहा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा; पदर हलला की कधी हा रंग वर येतो, कधी तो. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराने शेव्हरल वाचला नव्हता. तसेच आपले घोंगडे. दख्खनी मेंढीची काळी लोकर आणि तीत मिसळलेली पांढरी; रंगाचा थेंब न वापरता राखी छटा तयार होते. फरक इतकाच, की ही दोन्ही कामे मागावरची. दोन सुयांवर लोकर विणणे आपल्याकडे आले ते इंग्रजी अमदानीत. म्हणून सुईवरच्या रंगछटांचा इतिहास पाहायचा तर उत्तरेच्या थंड समुद्राकडे जावे लागते.

स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंडची बेटे आहेत. झाडे जवळजवळ नाहीत, वारा अखंड, आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीही पुरता अंधार होत नाही. तिथली मेंढी लहानखुरी, पण लोकर अतिशय मऊ. पूर्वी ती कात्रीने कापण्याऐवजी हाताने उपटून काढीत, कारण त्या दिवसांत ती आपोआप सुटत असते. या मेंढ्यांचे अंगचे रंगच इतके, की प्रत्येकाला तिथल्या बोलीत वेगळे नाव आहे. तांबूस तपकिरी तो 'मूरिट', पोलादासारखा गडद राखी तो 'शेला'. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची पायरी निसर्गानेच घालून दिलेली.

या बेटांच्या दक्षिणेला, समुद्रात एकटे पडलेले, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे फेअर आइल नावाचे बेट आहे. 1588 मध्ये स्पेनच्या प्रचंड आरमाराची वाताहत झाली, तेव्हा 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज इथे फुटले आणि त्यावरचे खलाशी काही आठवडे बेटावर राहिले. त्यांच्याकडूनच बेटावरच्या बायका रंगीत नक्षी शिकल्या, अशी गोड आख्यायिका आहे. मुलांना सांगायला ती मलाही आवडली असती. पण तिला कागदोपत्री आधार नाही, आणि आज जे जुन्यातले जुने नमुने उरले आहेत ते एकोणिसाव्या शतकातले आहेत. खलाश्यांपेक्षा त्या बायकांनाच श्रेय द्यावे हे बरे.

त्यांची युक्ती अशी. एका ओळीत रंग फक्त दोन: एक नक्षीचा, एक जमिनीचा. जो धागा वापरात नाही तो पाठीमागून ओढून न्यायचा. त्यामुळे कापड दुहेरी आणि उबदार होते. पण दर एक-दोन ओळींनी नक्षीचा किंवा जमिनीचा रंग एक पायरी पुढे सरकवायचा. फुली आणि गोळा यांच्या पट्टीत कडेला गडद, मध्याकडे उजळ, आणि पुन्हा त्याच क्रमाने गडद. पाहणाऱ्याला वाटते, एका ओळीत आठ रंग आहेत. विणणारीच्या हातात मात्र दोनच धागे! एक पथ्य पाळायचे, की नक्षी आणि जमीन एकाच गडदपणाच्या होऊ द्यायच्या नाहीत. नाहीतर लाल आणि हिरवा असूनही नक्षी बुडते. याची पारख डोळे किलकिले करून पाहिल्याने होते. मावशीही असेच डोळे किलकिले करी, आणि आम्हाला वाटे तिला दिसत नाही.

लोकरीच्या अंगच्या रंगांबरोबर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा तांबडा आणि निळीचा निळा हे बाहेरून आणलेले रंग तिथे चालत. नीळ त्या शतकात युरोपात मोठ्या प्रमाणावर जाई ती हिंदुस्थानातूनच. तेव्हा त्या दूरच्या बेटावरच्या निळ्या छटेत बंगाल-बिहारच्या रयतेचा घाम मिसळलेला असणे अगदी शक्य आहे. 1856 मध्ये लंडनला अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती डांबरातून जांभळा रंग लागला आणि पुढच्या काही दशकांत कृत्रिम रंगांचा पूर आला. छटा वाढल्या. शिवाय कातण्याआधीच लोकर वेगवेगळ्या रंगांत बुडवून, मग पिंजताना ती एकत्र करण्याचीही पद्धत होती. असा धागा दुरून एका रंगाचा दिसतो. जवळून पाहावे तर त्यात निळा, हिरवा, तांबूस असे चार-पाच रंगांचे तंतू नांदत असतात. शेव्हरलचे मिश्रण धाग्याच्या पोटातच झालेले असते.

1922 मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचा स्वेटर घातला आणि त्या स्वेटरची साऱ्या युरोपात चलती झाली. हे सगळे पुस्तकांत ठळकपणे येते. त्यामागची गोष्ट मात्र मला एका सरकारी चौकशीच्या हकिकतीत सापडली, आणि ती वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

त्या बायका पाठीवर इंधनाची टोपली घेऊन चालता-चालता विणत. कमरेला कातडी पट्टा, त्याच्या भरीव चामड्यात भोके, त्यात सुईचे टोक खोचलेले. इतके करून मजुरी? व्यापारी रोख पैसे देतच नसे. विणकामाच्या बदल्यात चहा, कापड, फिती असा दुकानातला माल. घरात पीठ नाही आणि पदरात चहाची पुडी! मग ती बाई दारोदार फिरून चहाच्या बदल्यात पीठ मिळवी. 1872 मध्ये या प्रकाराची चौकशी झाली. विल्यम गथ्री नावाच्या अधिकाऱ्यापुढे कित्येक बायकांनी साक्षी दिल्या आणि त्या छापल्या गेल्या. पुढे कायदाही झाला, पण रीत लगेच गेली नाही.

मला मावशीची पिशवी दिसू लागली. "बाई, या वेळी थोडी लोकरच घेऊन जा." नाशिकच्या त्या दुकानदाराला शेटलंड कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ज्या बाईला घराबाहेर दुसरे काम नाही, तिच्या कष्टाची किंमत करण्याची रीत सगळीकडे सारखीच निघाली.

याच इतिहासात एक वेगळे पानही आहे, ते स्वीडनचे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोहुसलेन प्रांतात ग्रॅनाइटच्या खाणी. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत दगडाचा धंदा बसला आणि पाथरवट बेकार झाले. त्यांच्या बायका प्रांताच्या गव्हर्नराच्या पत्नीकडे गेल्या. त्यांनी मदत मागितली नाही, काम मागितले. या गव्हर्नरीणबाई म्हणजे एम्मा याकोबसन. जन्म 1883 चा, माहेर व्हिएन्नाचे. त्यांनी 1939 मध्ये 'बोहुस स्टिकनिंग', म्हणजे बोहुसचे विणकाम, ही संस्था उभी केली.

सुरुवात जाड्याभरड्या मोज्यांपासून झाली. पण बाईंच्या लक्षात आले, की स्वस्त मालात यंत्राशी टक्कर देता येणार नाही. यंत्राला जे साधत नाही ते करायला हवे. त्यांनी चित्रकलेची दृष्टी असलेल्या स्त्रिया हाताशी धरल्या. आना-लिसा मानहाइमर लुन यांचा 'निळा झळाळ', केश्टिन उल्सन यांची 'रानटी सफरचंदे' असे नमुने निघाले. गळ्याभोवती गोल खांदपट्टी, तीत दहा-बारा छटा, आणि मऊ लोकरीत अंगोरा सशाचे केस मिसळलेले. त्यामुळे रंगांच्या कडा धुक्यातल्यासारख्या पुसट दिसत.

पण खरी नवलाई होती ती एका उलट टाक्याची. आपण दोन सुलट दोन उलट विणतो ते ताणासाठी, काठासाठी. बोहुसच्या स्त्रियांनी सुलट बाजूवर मधूनच एखादा उलट टाका घातला. नव्या रंगाने उलट टाका घातला, की खालच्या ओळीचा जुना रंग त्या टाक्याशी लहानशा मण्यासारखा वर येतो. म्हणजे रंग बदलला तरी मागचा रंग मान वळवून एकदा पाहतोच. असे मणी पेरत गेले, की ओळीची सरळ कडच मोडते. शेटलंडचा दोन धाग्यांचा नियमही त्यांनी पाळला नाही. एका ओळीत तीन-तीन, चार-चार रंग चालवले. अर्थात काम फार जिकिरीचे. विणकरणीला लोकर आणि नमुना घरपोच मिळे, ती शिकून तयार होई, आणि तयार कपडा तपासला जाई. चूक निघाली तर परत. पण मजुरी रोख, आणि नमुना करणारीचे नाव नमुन्याबरोबर राहिलेले. शेकडो घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

1969 मध्ये बोहुस स्टिकनिंग बंद झाली. देश सुस्थितीत आला होता, बायकांना बाहेर अधिक पगाराची कामे मिळत होती आणि इतक्या तासांच्या हातकामाची योग्य मजुरी धरून स्वेटर विकणे अवघड झाले होते. एका अर्थी संस्था हरली नाही; तिची गरज सरली. तिचे नमुने आज उद्देवाला गावच्या संग्रहालयात जतन केलेले आहेत, आणि हौशी विणकरणी ते पुन्हा विणत आहेत. एम्माबाई 1977 मध्ये गेल्या.

आता बाजारात असा गुंडा मिळतो, की विणत जावे आणि रंग आपोआप बदलत जावा. माझ्या नातीने तसाच एक आणला होता. छान आहे, मी नावे ठेवत नाही. पण तो स्वेटर खिडकीपाशी धरून पाहिल्यावर तिने स्वतःच गुंडा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मला दोन-दोन ओळींचं शिकव." मी डबा काढला. मावशीच्या डब्यात अजून थोडी किरमिजी आणि थोडी अबोली लोकर आहे. कसरीने तिला फारसा हात लावलेला नाही. डब्याच्या तळाशी ती चोपडीही होती. तारीख, स्वेटरचे माप, रोख इतके, लोकर इतके तोळे. कुठे तक्रारीचा शब्द नाही. मात्र लोकरीच्या प्रत्येक नोंदीपुढे बाजारभावाने तिची किंमत लिहून ठेवलेली. तिला हिशेब पुरता कळत होता.

नात ती पाने चाळत होती. मग तिने हिरवा-पिवळा स्वेटर मांडीवर घेऊन विचारले, "आणि याचे पणजीमावशीला किती मिळाले?"

"याचे?" मी म्हणाले, "अगं वेडे, हीच तर तिची मजुरी होती."